इतर

हिंगणा टी-पॉइंटला तीन दिवस,
पहाटे पाच ते अकरा, रोजचे पाचशे, चहा त्यांचा.
खुर्ची मी घरून आणलेली.
उड्डाणपुलासाठी मोजणी आहे, एवढंच सांगितलं होतं.
कागदावर रकाने आखलेले :
कार. ट्रक. बस. मोटारसायकल. ऑटो.
आणि शेवटी, समासाला टेकून, बोटभर रुंद :
इतर.

सायकल कुठे लिहू?
इतरमध्ये.
आणि पायी जाणारे?
सर हसले. ते वाहन नाही ना, मॅडम.

थंडी अशी की पेन चालेना.
काखेत धरून ऊब दिली की दहा रेघा ओढायचा,
पुन्हा मुका.
सहाच्या पाळीची माणसं वाडीकडून, वानाडोंगरीकडून
मफलर कानाला घट्ट बांधून, अंधारातून एकेक उगवत होती,
बैलबंडी, संत्र्यांचा ठेला,
वरातीतून परतणारा एक घोडासुद्धा,
सगळे त्या बोटभर जागेत.
दुसऱ्याच तासाला रकाना फुटला, रेघा ऑटोत घुसल्या.
मग मी कागद उलटा केला,
पोराच्या पट्टीनं एक उभी रेष मारली.
डावीकडे सायकल. उजवीकडे पायी.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.

सिमेंटचा रस्ता वीतभर उंच झालाय इथे.
काठाखाली मुरूम, गिट्टी, कुणाची तरी फुटकी चप्पल.
मागून हॉर्न आला की माणूस सायकलीसकट खाली उडी घेतो,
डबा हँडलला आपटतो,
आणि ट्रक गेला की उतरून, उचलून, पुन्हा वर.
मी ते उतरणं मोजलं नाही.
उलट्या बाजूलाही तेवढी जागा नव्हती.

भोजराज खवसे सहा दहाला यायचे.
ट्यूबच्या पट्टीनं हँडलला बांधलेली बॅटरी,
मागे मडगार्डला कुणाच्या तरी लग्नाची सीडी लटकवलेली,
गाडीचा उजेड पडला की वधूवर चमकायचे
आणि पुन्हा विझायचे.
पहिल्या दिवशी थांबले. काय मोजून राह्यल्या, बाई?
तुम्हाला.
मंग बराबर मोजा. मतदार यादीत मी दोनदा आहो,
एकदा जित्ता, एकदा मयत.
दुसऱ्या दिवशी नुसती घंटी वाजवली.

तिसऱ्या दिवशी सहा दहा झाले.
सहा वीस.
पुढच्या वळणावर गाड्यांचे लाल दिवे एका जागी साचले, मग हलले.
एक ॲम्ब्युलन्स गेली.
ती कारमध्ये लिहायची असा नियम आहे. लिहिली.
सुट्टी असेल. पोरीकडे गेले असतील.
पोरगी आहे की नाही, तेही मला माहीत नाही.
सात वाजता मी डावीकडे एक रेघ ओढली,
त्यांच्या नावची.
पेन तेव्हा चांगलं चालत होतं.

अधिवेशनाच्या आधी अन्वर काझी घरी आला, सायकलवाल्यांचा.
साताऱ्यातून, नांदेडातून, धुळ्यातून असेच कागद जमवतायत म्हणाला.
रस्त्याला सायकलीची कड हवी,
म्हाताऱ्या माणसाला ओलांडता येईल एवढा वेळ सिग्नल हवा,
असं बरंच. निवेदन द्यायचंय.
तुमची मागची बाजू द्याल?
त्यानं चौकातच झेरॉक्स काढली,
शाई फिकी होती म्हणून दोनदा.

मोर्चा बॅरिकेडपाशी अडला. तीनशे सायकली स्टँडवर,
पाचजणांना आत सोडलं.
परत आले ते जांभळा शिक्का घेऊन : प्राप्त.
हिंगणा टी-पॉइंट, तीन दिवस, सायकली दोन हजार चारशे अठरा.

अन्वरला मी सांगितलं नाही, इथे सांगते :
त्यात एक जास्त आहे.
कुणाला शंका आली तर फेरमोजणी करावी.
पहाटे या, सहाच्या आधी.
स्वेटर घाला.
खुर्ची मी देते.